कॉलेजातल्या मुलांचं मत: ३ नोव्हेंबरपर्यंतची तयारी

अमेरिकेतल्या मध्यावधी, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर येणाऱ्या, निवडणुकांचं मतदान ३ नोव्हेंबर २०२६ ला, मंगळवारी आहे. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा, सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा आणि ३६ राज्यांचे गव्हर्नर त्या दिवशी ठरतील. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक असली की घराघरात चर्चा चालते आणि मुलंही आपणहून रांगेत उभी राहतात. मध्यावधीला मात्र कॉलेजची मुलं गळतात. टफ्ट्स विद्यापीठ देशभरातल्या कॉलेजांच्या नोंदींवरून विद्यार्थ्यांचं मतदान मोजतं. त्यांच्या हिशेबाने २०१४ च्या मध्यावधीत जेमतेम १९ टक्के विद्यार्थ्यांनी मत दिलं, २०१८ मध्ये सुमारे ४० टक्क्यांनी, २०२० मध्ये ६६ टक्क्यांनी, आणि २०२२ च्या मध्यावधीत आकडा पुन्हा ३१ च्या आसपास घसरला. चार वर्षांत दुप्पट होऊ शकतो असा हा आकडा आहे, त्यामुळे ‘हल्लीच्या मुलांना कशाचं काही नाही’ हे आपलं ठरलेलं वाक्य मला पटत नाही. मुलं अडतात ती पत्त्यावर, कागदांवर आणि तारखांवर. ही यादी इथल्या मराठी मंडळांतल्या स्वयंसेवकांसाठी आहे, आईबाबांसाठी आहे, आणि डॉर्ममधल्या दोस्तांना सोबत घेऊन जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे.

सगळ्यात आधी मताचा हक्क कोणाला आहे ते नक्की करायचं, आणि यात घाई अजिबात नको. एकाच मंडळाच्या ढोल-ताशा पथकात न्यू जर्सीतल्या एडिसनला जन्मलेली मुलगी असते, ग्रीन कार्डवाला मुलगा असतो, लहानपणी आईबाबांबरोबर एच-फोर या आश्रिताच्या व्हिसावर येऊन आता एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर गेलेला असतो, आणि नुकताच पुण्याहून एमएस करायला आलेलाही असतो. बोलण्यावरून काही कळत नाही. या चौघांत मत फक्त त्या मुलीला आहे. बाकीच्या तिघांनी नोंदणीचा फॉर्म भरायचाच नाही, कोणी कितीही प्रेमाने पुढे केला तरी. ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ या चौकटीत खूण करून सही केली की तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो. पुढे मत दिलं नाही तरी त्यापायी देशाबाहेर काढलं जाऊ शकतं आणि ग्रीन कार्डचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. नागरिकत्वाच्या अर्जातही ‘पूर्वी कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का’ असं विचारतातच.

मंडळाच्या नोंदणीच्या टेबलापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती डीएमव्हीची, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी कार्यालयाची. १९९३ च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवरच मतदार नोंदणीबद्दल विचारतात. तासभर ताटकळलेलं पोरगं स्क्रीनवर येईल त्या प्रश्नाला ‘येस’ दाबत सुटतं. नव्याने आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ओरिएंटेशनच्या आठवड्यातच सांगा की तिथे ‘नो’ म्हणायचं आणि वाचल्याशिवाय सही करायची नाही. आपल्या टेबलावर बसणाऱ्यांनीही ‘तू सिटिझन आहेस ना?’ असं चारचौघांत विचारू नये, त्याने मुलं ओशाळतात. फॉर्म हातात देण्याआधी सगळ्यांना सरसकट एकच सांगायचं: ‘हा फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे, खात्री नसेल तर घरी विचारून मग भर.’ व्हिसावरच्या मुलांना पोस्टर करता येतात, माहिती पोचवता येते, दोस्तांना आठवण करून देता येते. भरलेले फॉर्म गोळा करणं आणि उमेदवाराला देणगी देणं या दोन गोष्टींपासून त्यांनी लांब राहावं. परदेशी विद्यार्थ्याने दिलेली देणगी कायद्याला चालत नाही.

मग येतो पत्ता. अठराव्या वर्षी मताचा हक्क १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने दिला, पण ते मत घरच्या गावी द्यायचं की कॉलेजच्या गावी यावर पुढेही झगडा चालला. टेक्सासच्या वॉलर काउंटीत प्रेअरी व्ह्यू ए अँड एम हे कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक विद्यापीठ आहे. तिथला नोंदणी अधिकारी विद्यार्थ्यांना रहिवासी मानायला तयार नव्हता, त्यांच्याकडून वेगळी प्रश्नावली भरून घ्यायचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७९ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूचा निकाल कायम झाला. कॉलेजच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे मत देता येतं ते त्या मुलांमुळे. २०१८ च्या मध्यावधीत त्याच विद्यापीठात पुन्हा घोळ झाला. विद्यार्थ्यांना नोंदणीसाठी जे सामायिक पत्ते सांगितले होते त्यातला एक भलत्याच प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे मतदानाच्या विभागात, निघाला. ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते, कारण ‘पत्ता काय, कुठलाही टाकू’ असं त्यांना वाटतं.

फॉर्मवर दोन पत्ते असतात हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक राहण्याचा, म्हणजे डॉर्मच्या इमारतीचा रस्ता आणि क्रमांक, आणि दुसरा टपालाचा. मुलांना पाठ असतो तो मेलरूमच्या पेटीचा नंबर. तो राहण्याच्या पत्त्यात लिहिला की अर्ज परत येतो किंवा लटकतो. टेबलावर कॅम्पसमधल्या प्रत्येक डॉर्मचा खरा पत्ता छापून चिकटवून ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. घरचा पत्ता की कॉलेजचा हे ज्याचं त्याने ठरवावं, मात्र एकच निवडायचा. दोन ठिकाणी मत देणं गुन्हा आहे. माझं मत विचाराल तर मुलं वर्षातले नऊ महिने जिथे राहतात, भाडं भरतात, बसने फिरतात, तिथेच मत द्यावं. घरच्या मतदारसंघात चुरस असेल आणि टपालाने मत मागवणं सोपं असेल, तर घरचा पत्ता ठेवायलाही हरकत नाही.

नोंदणीची मुदत राज्याराज्यात वेगळी आहे आणि इथेच सगळ्यात जास्त मुलं सुटतात. टेक्सासात ती ३० दिवस आधी संपते, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात, आणि नव्या मतदाराला तिथे साधारणपणे कागदी फॉर्म सही करून पाठवावा लागतो. ज्या पिढीकडे प्रिंटरही नाही आणि स्टॅम्पही नाही, तिच्यासाठी ही मोठी अडचण आहे. मंडळाने फॉर्म, पेन आणि स्टॅम्प लावलेली पाकिटं ठेवली तर तेवढ्यावर कितीतरी नावं यादीत जातील. टेक्सासात भरलेले फॉर्म गोळा करायचे असतील तर आधी काउंटीकडून स्वयंसेवक नोंदणीकार म्हणून नेमणूक घ्यावी लागते. न्यूयॉर्कमध्ये मुदत दहा दिवस आधीपर्यंत आहे, पेन्सिल्व्हेनियात पंधरा. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनमध्ये मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येतं. नॉर्थ डकोटात नोंदणीच नाही. नियम बदलत असतात, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यावर न विसंबता आपल्या राज्याच्या निवडणूक कार्यालयाचं संकेतस्थळच उघडा.

यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. टेक्सासची मुदत संपायला त्यानंतर तीन आठवडे उरतात. मंडळाच्या गणपतीला जवळपासच्या कॉलेजांतली मुलं जेवायला का होईना, येतातच, त्यामुळे नोंदणीचं टेबल लावायला याहून चांगला दिवस नाही. टेबल प्रसादाच्या रांगेजवळ ठेवा, चपलांच्या रॅकजवळ नको. काका-मावश्यांपेक्षा तिथे मुलांच्याच वयाची ताई किंवा दादा बसवा, आम्ही मागे उभे राहू. दोन पथ्यं मात्र कडक पाळायची. आपली बहुतेक मंडळं करमाफी असलेल्या धर्मादाय संस्था आहेत, त्यामुळे कुठल्याही उमेदवाराचा वा पक्षाचा प्रचार टेबलावर चालणार नाही, टी-शर्टवरही नाही. आणि ‘नोंदणी केलीस तर मोदक’ असं गमतीतही म्हणायचं नाही. केंद्रीय निवडणुकीत नोंदणीच्या किंवा मताच्या बदल्यात काही देणं बेकायदा आहे. मोदक सगळ्यांना मिळतात तसे मिळू देत.

कागदपत्रांचं सांगायचं तर आईबाबांनी आजच कपाट उघडावं. आपल्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट बहुतेक घरांत आईच्या फाइलीत असतो, ओसीआयच्या पुस्तिकेबरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून. ॲरिझोना आणि न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांत नोंदणी करताना नागरिकत्वाचा पुरावा मागतात. आईबाबा नागरिक झाले म्हणून आपोआप नागरिक झालेल्या मुलांकडे स्वतःचं प्रमाणपत्र बऱ्याचदा नसतं, पासपोर्ट हाच त्यांचा पुरावा. तेव्हा मुलगा किंवा मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजला निघतानाच ठरवा, मूळ कागद सोबत न्यायचा की प्रत पुरेल. मतदान केंद्रावरच्या ओळखपत्राचंही तसंच आहे. टेक्सासात विद्यार्थी ओळखपत्र चालत नाही. विस्कॉन्सिनमध्ये चालतं, पण त्यावर सही आणि तारखा ठरल्या नियमाप्रमाणे लागतात. नेहमीचं कॅम्पस कार्ड त्यात बसत नसेल तर विद्यापीठाकडून मतदानासाठीचं वेगळं कार्ड मागून घ्यावं.

आता मुलांशी बोलायचं काय? लोकशाहीवर व्याख्यान देऊ नका, ती ते शाळेपासून ऐकत आली आहेत. त्यांच्या फीपासून सुरुवात करा. सरकारी विद्यापीठांना राज्याकडून किती पैसा मिळणार हे राज्याचं विधिमंडळ आणि गव्हर्नर ठरवतात, आणि या वर्षी बहुतेक राज्यांत दोन्ही निवडले जाणार आहेत. मिशिगनमध्ये तर ॲन आर्बरच्या विद्यापीठाचे रीजंटही मतदार निवडतात, आठ वर्षांसाठी. फी वाढवायची की नाही यावर हात वर करणारी माणसं ही. त्यांची नावं मतपत्रिकेवर पार खाली असतात, तिथवर बहुतेक जण पोचतच नाहीत. नमुना मतपत्रिका आधी डाउनलोड करून चौघाचौघांनी पिझ्झा खात एकदा वाचली, तर न्यायाधीश, स्कूल बोर्ड, जनमताचे प्रस्ताव हे सगळं केंद्रावर पहिल्यांदा दिसून घाबरायला होत नाही.

‘माझ्या एकाने काय होणार’ हा प्रश्न येईलच. त्याला व्हर्जिनियाचं उत्तर आहे. २०१७ मध्ये न्यूपोर्ट न्यूजमधल्या विधानसभेच्या जागेवर दोन्ही उमेदवारांना प्रत्येकी ११,६०८ मतं पडली. त्याच परिसरात ख्रिस्तोफर न्यूपोर्ट विद्यापीठ आहे. शेवटी ४ जानेवारी २०१८ ला दोघांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या फोटोच्या रिळांच्या दोन डब्यांत घातल्या, डबे चिनीमातीच्या भांड्यात टाकले आणि एक उचलला. डेव्हिड यान्सी निवडून आले, आणि त्या एका चिठ्ठीमुळे सभागृहात रिपब्लिकन पक्षाचं ५१ विरुद्ध ४९ असं बहुमत राहिलं. कॅम्पसच्या एका मजल्यावरच्या कोणीही त्या दिवशी आळस केला नसता तर चिठ्ठ्या काढायची वेळच आली नसती. आपल्यातलंच उदाहरण हवं तर बेळगावकडचे श्री ठाणेदार आहेत. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून ते काँग्रेसवर गेले, पण खरी लढत त्याआधीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, झाली. तिथे उमेदवारांची गर्दी होती आणि ते सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. ती प्रायमरी ऑगस्टमध्ये, ऐन सुट्टीत होती. पुढच्या वेळी प्रायमरीचीही तारीख कॅलेंडरवर लिहा.

टपालाने मत देणाऱ्यांसाठी ऑक्टोबर महत्त्वाचा. मतपत्रिका मागवायचा अर्ज वेगळा असतो आणि त्याला वेगळी मुदत असते. टेक्सासात तर प्रत्येकाला टपाली मत मिळतही नाही, काउंटीबाहेर असणं वगैरे कारण द्यावं लागतं. मतपत्रिका आली की त्याच संध्याकाळी भरायची. पेन्सिल्व्हेनियात मतपत्रिका आधी आतल्या गोपनीयतेच्या पाकिटात आणि मग बाहेरच्या पाकिटात घालायची. आतलं पाकीट राहिलं तर मत बाद. टपालाचा शिक्का वेळेत पडला की झालं, असं गृहीत धरू नका. पाकीट ३ तारखेच्या आत पोचलंच पाहिजे असं समजून किमान आठवडाभर आधी टाका, किंवा ड्रॉप बॉक्स असेल तिथे नेऊन द्या. दिवाळीचा फराळ त्याच सुमारास डॉर्मवर जाणार आहे. आयांनो, चकल्यांच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवा: ‘पाकीट टाकलंस का?’ मुलं आपले मेसेज न वाचता सोडून देतात, डबा सोडत नाहीत.

केंद्रावर जाऊन मत देणाऱ्यांनी आदल्या आठवड्यातच ठरवावं: किती वाजता, कोणत्या दोन लेक्चरच्या मधे, कोणाबरोबर, कसं जायचं. ‘हो, देईन’ एवढ्यावर थांबू नका, वेळ बोलून घ्या. आधीच्या दिवसांत मतदानाची सोय असेल तर तीच पकडा. मंगळवारी सुट्टी नसते आणि मिडटर्म त्याच आठवड्यात असतात. २०२२ मध्ये ॲन आर्बरला कॅम्पसवर त्याच दिवशी नोंदणी करणाऱ्या मुलांच्या रांगा केंद्र बंद व्हायच्या वेळेनंतरही तासन्‌तास चालू होत्या. वेळ संपायच्या आत रांगेत उभा असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, कोणी ‘संपलं’ म्हणालं तरी रांग सोडायची नाही. फोनचा चार्जर, पाणी, कोट. नाव यादीत सापडलं नाही तर प्रोव्हिजनल, म्हणजे पात्रता तपासून मग मोजली जाणारी, मतपत्रिका मागायची. २००२ च्या केंद्रीय कायद्याने ती मिळते.

मत टाकल्यावरही एक काम राहतं. टपाली पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात, आणि तरुणांच्या सह्या बऱ्याचदा जुळत नाहीत. त्यांनी आयुष्यात सही केलेली असते ती डीएमव्हीच्या काचेवर बोटाने, नाहीतर घाईघाईत. लायसन्स समोर ठेवून तशीच सही करायला सांगा. तरीही अडलं तर बऱ्याच राज्यांत काउंटीचं कार्यालय कळवतं आणि सही दुरुस्त करायला ठरावीक दिवस देतं. तो फोन अनोळखी नंबरवरून येतो, आणि मुलं अनोळखी नंबर उचलत नाहीत. मतपत्रिका कुठवर पोचली हे बहुतेक राज्यांत ऑनलाइन दिसतं. ३ तारखेपासून आठवडाभर रोज एकदा ते पाहायचं. जॉर्जियातल्या मुलांनी चार आठवडे पुढची तारीखही राखून ठेवावी, कारण तिथे कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पुन्हा मतदान होतं. टपालाने मत देणाऱ्यांना त्याची मतपत्रिका नव्याने मागवावी लागेल, आणि थँक्सगिव्हिंगला घरी जाणाऱ्यांनी तो अर्ज निघण्याआधी केलेला बरा.