गोल्फचा स्कोअर हलत नाहीये? सोलापुरात प्रॅक्टिस करताय तर या चुका टाळा

सोलापुरात राहून गोल्फ खेळणाऱ्याचं गणितच वेगळं असतं. प्रॅक्टिस इथे, होटगी रोड नाहीतर विजापूर रोडच्या बाजूला ओळखीच्या कुणाच्या तरी मोकळ्या रानात, आणि खरा राउंड (१८ होलचा पूर्ण खेळ) बहुतेकांचा अडीचशे किलोमीटरवर पुण्याला, तोही एखादा रविवार जमला तर जमला. म्हणजे बॉल मारायचे ढीगभर आणि कार्डावर चढणार वर्षाचे मोजके राउंड. अशात खेळ सुधरतोय का नाही हे एकूण स्कोअरवरून कळणं फार अवघड आहे, आणि बहुतेक जण नेमकं तेवढंच लिहून ठेवतात. ९८, १०२, ९९, १०१ (एकूण फटके, कमी तितके चांगले), संपलं. आता या चार आकड्यांवरून पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) घासायचा का चिपिंग (होलजवळचे छोटे उचललेले फटके), सांगा बरं.

नुसता टोटल लिहिणं

माझा एक मित्र आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे त्याचं. त्याची कायमची तक्रार, "एवढं खेळायलोय पण स्कोअर हलेचना की ओ, पटिंगच बेकार आहे माझं." (पटिंग म्हणजे ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल होलमध्ये ढकलणं, आणि तसा एक फटका म्हणजे पट.) त्याला म्हटलं की तू युनिटमध्ये कुठल्या मालात किती सुटले ते खतावणीत वेगवेगळं लिहितोस ना, मग इथे फक्त गल्ला मोजून का घरी जातोस. पुढच्या काही राउंडला त्याने प्रत्येक होलसमोर थोडं जास्त लिहिलं, टी शॉट (होलचा पहिला फटका) डावीकडे गेला का उजवीकडे का फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर), ग्रीनवर वेळेत पोचला का (म्हणजे पारपेक्षा, त्या होलसाठी ठरलेल्या शॉटपेक्षा, दोन शॉट कमी लागून, पार ४ असेल तर दुसऱ्या शॉटला), पन्नास यार्डांच्या आत किती शॉट लागले, पहिला पट किती पावलांवरून होता, एकूण पट किती, आणि पेनल्टी. कार्डं समोर ठेवून बसलो तेव्हा दिसलं की पटिंग ठीकठाकच आहे, शॉट जात होते ते टीवरून आऊट ऑफ बाउंड्समध्ये (कोर्सच्या हद्दीबाहेर) आणि ग्रीनच्या कडेला एकाऐवजी दोन-दोन चिप मारण्यात. तो घरी रात्री जेवण झाल्यावर रोज पटिंग करायचा, आणि गळती भलतीकडेच होती.

हे त्याच्या एकट्याचं नाही. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी स्ट्रोक्स गेन्ड नावाची, प्रत्येक शॉटने किती फायदा-तोटा झाला ते मोजायची पद्धत काढली, पीजीए टूर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धामालिका) २०११ पासून पटिंगसाठी ती वापरते. त्यांच्या अभ्यासात असं दिसलं की चांगला खेळाडू आणि साधारण खेळाडू यांच्या स्कोअरमधला साधारण दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या बाहेरून मारलेल्या शॉटमधून येतो. आपल्याकडे मात्र अजूनही "ड्राइव्ह दाखवायला, पट पैशाला" छाप सल्ला चालतो आणि लोक आयर्न (मधल्या अंतराचे क्लब) बाजूला ठेवून पटर घेऊन बसतात. तुमचं दुखणं पटिंगमध्ये असूही शकतं, पण ते तुमच्या कार्डावरून ठरू द्या.

पट मोजताय, पण पहिला पट कुठून होता ते लिहीत नाही

हा आकडा फार फसवतो. समजा एका राउंडला ३१ पट लागले आणि दुसऱ्याला ३६. वाटतं पहिल्या दिवशी पटिंग भारी झालं. पण पहिल्या दिवशी निम्म्या ग्रीन चुकल्या असतील, तुम्ही कडेवरून चिप करून बॉल होलजवळ नेलात आणि एका पटात टाकलात, तर पट कमी दिसणारच. दुसऱ्या दिवशी आयर्न चांगले लागले, ग्रीनवर पोचलात पण तीस-चाळीस फुटांवर, तिथून दोन पट लागणं हे अगदी नॉर्मल आहे. म्हणून पहिल्या पटचं अंतर पावलांत लिहा, नुसत्या पटच्या बेरजेला अर्थ नाही.

आणि अपेक्षाही जरा जागेवर ठेवा राव. पीजीए टूरवरचे प्रो आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट टाकतात. आपला सहा फुटांचा पट चुकला की लगेच ग्रिप बदलायची, नवीन पटर बघायचा, याला काही आधार नाही. लक्ष ठेवायचं ते तीन पट किती वेळा लागले आणि तीन फुटांच्या आतले किती सुटले यावर. घरात हॉलमध्ये सोलापुरी चादर अंथरून पट मारणारे बरेच आहेत, त्याने बॉल सरळ निघतोय का ते नीट कळतं, पण वेगाचा अंदाज मात्र त्यावरून बांधू नका, चादरीचा वेग वेगळा आणि पुण्याच्या ग्रीनचा वेगळा. त्यासाठी राउंडच्या आधी पंधरा मिनिटं तिथल्या प्रॅक्टिस ग्रीनवर लांबचे पट मारा, होल न बघता नुसतं अंतर.

मे महिन्यातलं अंतर खरं मानणं

मला वाटतं सोलापूरकरांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. उन्हाळ्यात आपली काळी माती वाळून दगड होते, भेगा पडतात, त्यावर पडलेला बॉल उड्या मारत कुठच्या कुठे जातो. शिवाय गरम हवा विरळ असते त्यामुळे बॉल हवेतही थोडा जास्त जातो. मग सात नंबर आयर्न १६५ गेला म्हणून डायरीत लिहून ठेवायचं आणि पावसाळ्यानंतर पुण्याच्या ओलसर फेअरवेवरून ग्रीनच्या अलीकडे पंधरा-वीस यार्ड पडला की स्विंग बिघडला म्हणायचं. स्विंगला काही झालेलं नाही, तुम्ही रोल धरून अंतर लिहिलं होतं. लिहायचा तो कॅरी, म्हणजे बॉल हवेतून जाऊन पहिल्यांदा टेकला तिथपर्यंत. एकट्याला हे दिसत नाही, तर पोराला नाहीतर मित्राला बाजूला सुरक्षित अंतरावर, थोडं पुढे उभं करा आणि धूळ कुठे उडाली ते बघायला सांगा, वाळलेल्या रानात धूळ लगेच दिसते.

दुसरं म्हणजे मीटर आणि यार्ड. रानात आपण मोठ्या पावलाने मोजतो, ते जवळजवळ मीटर भरतं, आणि गोल्फमध्ये बोलणं सगळं यार्डात. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, सरळसरळ एका क्लबचा फरक पडला की. काहीतरी एकच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवा.

तिसरं, दहा बॉल मारून त्यातला सगळ्यात लांब गेलेला लिहायचा नसतो. दहापैकी दोन लांबचे, दोन वाया गेलेले सोडा आणि मधल्या सहाचं बघा, कोर्सवर तुमच्या हातात तोच शॉट आहे.

मॅटवरचा गोड गैरसमज

गच्चीवर नेट लावून मॅटवरून मारणारे आपल्याकडे खूप. सोय म्हणून ठीकच आहे, पण मॅट एक गोष्ट लपवते. क्लब बॉलच्या दोन इंच मागे टेकला तरी मॅटवरून घसरून बॉलला लागतो, आवाजही बरा येतो, आणि आपल्याला वाटतं की शॉट बसला. तोच शॉट गवतावर मारला तर क्लब मातीत रुततो आणि बॉल चाळीस यार्डांवर पडतो. पुण्याला गेल्यावर आयर्न अचानक लागेनासे होतात ते बऱ्याचदा यामुळे.

याचं औषध घरातच आहे. रानात मऊ माती असेल तिथे रांगोळीची एक सरळ रेघ ओढा, हातभर लांब, लक्ष्याच्या दिशेला आडवी. आधी बॉल ठेवूच नका. त्या रेघेवर बॉल आहे असं समजून स्विंग करा आणि माती कुठून उडाली ते बघा. खड्डा रेघेच्या पुढून, लक्ष्याच्या बाजूला सुरू झाला पाहिजे. मागे सुरू झाला तर वजन मागच्या पायावर राहतंय, नाहीतर मनगट आधीच सुटतंय. रेघेवर थोडं थोडं सरकत दहा स्विंग करा आणि दहापैकी किती बरोबर पडले तेवढं वहीत लिहा. मला विचाराल तर घरच्या प्रॅक्टिसमधला सगळ्यात खरा आकडा हाच, कारण तो ऊन, वारा, बॉलचा ब्रँड कशावरच अवलंबून नाही आणि महिन्याभरात चारावरून सातावर गेला तर खेळ सुधारलाय यात शंकाच नको.

बॉल उजवीकडे वळतोय म्हणून वैतागलेल्यांनी (उजव्या हाताने खेळणारे धरून बोलतोय) अजून एक करा. बॉलच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करने मोठा ठिपका काढा, तो फेसकडे (क्लबची बॉलला लागणारी बाजू) ठेवून मारा, ठिपका क्लबच्या फेसवर उमटतो. ड्रायव्हरमध्ये तो हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला उमटत असेल तर नुसत्या त्या कारणाने बॉल उजवीकडे वळू शकतो, मग स्विंगचा रस्ता बदलायच्या नादात दोन महिने घालवू नका, आधी बॉलपासूनचं उभं राहायचं अंतर बघा. ठिपका मधोमध असेल आणि तरी वळत असेल तर मग फेस आणि स्विंगचा रस्ता. बॉल निघतो कुठून ते मुख्यतः फेस ठरवतो, आणि वळतो किती ते फेस आणि रस्ता यातल्या फरकावर. त्यामुळे वहीत नुसतं "स्लाइस" लिहू नका, "डावीकडे निघाला, उजवीकडे वळला" असं दोन्ही लिहा.

हँडिकॅप म्हणजे सरासरी नव्हे

२०२० पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आहे (हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका चांगला), त्यात शेवटच्या २० राउंडपैकी सगळ्यात चांगल्या ८ ची सरासरी धरतात. म्हणजे तो तुमचा चांगला दिवस दाखवतो, रोजचा नाही. हँडिकॅप २४ आहे आणि पाच वेळा त्यापेक्षा वाईट खेळलो म्हणून खचून जाण्यासारखं काही नाही, तसंच होणार. शिवाय कोर्सची अवघडता त्यात धरलेली असते, स्कोअरमधून कोर्स रेटिंग (उत्तम खेळाडूला तिथे साधारण किती शॉट लागतील तो आकडा) वजा करायचं, ११३ ने गुणायचं आणि स्लोपने (साधारण खेळाडूला तो कोर्स किती जास्त अवघड जातो त्या आकड्याने) भागायचं. उदाहरणार्थ ९८ स्कोअर, रेटिंग ७०, स्लोप १२० असेल तर २६.४ येतात. दोन वेगळ्या कोर्सवरचे स्कोअर सरळ शेजारी शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी हे एकदा करून बघाच.

गिमी (होलजवळचा पट न मारता सोडून देणं) मात्र प्रामाणिकपणे मोजा. मित्राने "राहू दे, आत आहे" म्हटलं तरी तो एक शॉट धरायचाच. आणि एखाद्या होलला अकरा लागले तर राउंड फाडून टाकू नका, हँडिकॅपसाठी एका होलची मर्यादा पार अधिक दोन अधिक हँडिकॅपमुळे त्या होलला सूट म्हणून मिळणारे स्ट्रोक एवढीच असते.

ऊन आणि रस्ता

एप्रिल-मेमध्ये साडेआठनंतर मारलेले बॉल व्यायाम म्हणून मारा, वहीत घेऊ नका. घामाने ग्लोव्ह भिजतो, ग्रिप घसरते, माणूस नकळत जास्त आवळून धरतो आणि सगळंच बदलतं. ग्रिप दर पंधरा दिवसांनी साबणाच्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा, निम्म्या लोकांची ग्रिप खराब झालेली नसते, मळलेली असते.

पुण्याच्या राउंडला रात्री दोनला निघून टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत थेट पहिल्या टीवर उभं राहणाऱ्यांनी आपल्या कार्डावर पहिले चार होल वेगळे मोजून बघावेत. तिथेच सात-आठ शॉट जास्त जात असतील तर ते कंबर आखडल्याने जातायत, त्याला कोच काय करणार. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी जा, नाहीतर निदान पाऊण तास आधी पोचा, आधी चाला, वेजने (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) छोटे शॉट मारा, ड्रायव्हर शेवटी काढा, आणि कार्डाच्या कोपऱ्यात "रात्री प्रवास" एवढं लिहून ठेवा.