मोह पडायच्या आधी: अस्वलाच्या रानातल्या गावाची तयारी

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाच्या जंगलालगतच्या गावांत मार्चच्या मध्यापासून मोहफुलं पडू लागतात. फुलं गळतात रात्री उशिरा आणि पहाटे. वेचायला माणूस पहाटेच निघतो आणि अस्वलही त्याच वेळी त्याच झाडाखाली असतं. अस्वल माणसाला खायला येत नाही. मात्र चार-पाच पावलांवर अचानक माणूस दिसला की ते घाबरून अंगावर येतं आणि बोटाएवढ्या लांब नखांचा घाव बहुतेकदा डोक्यावर, चेहऱ्यावर बसतो. म्हणून इथे सांगितलेल्या कॅमेरा, दिवा, भोंगा अशा प्रत्येक वस्तूची परीक्षा एकच आहे: घरातून टोपली घेऊन निघणाऱ्या बाईला उंबरठ्यावरच कळतं का, की आज झाडाखाली कोण आहे? ते कळत नसेल तर कॅमेरा कितीही महागाचा असो, त्याचा गावाला उपयोग नाही.

तयारी जानेवारीत नकाशापासून सुरू करा. गावाचा उपग्रह नकाशा चादरीएवढा मोठा छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा आणि वेचणाऱ्या बायकांना बोलवा. कोणतं झाड कोणत्या घराचं, तिथे जायची पायवाट कोणती, हे त्यांनाच नेमकं माहीत असतं. प्रत्येक झाडाला नंबर द्या, मोबाइलवर जागेची नोंद घ्या. मग नाले, खडकांच्या कपारी, रायमुनियाची (घाणेरीची) दाट झुडपं, वारुळं, पाणवठे आणि आधी हल्ले झाले त्या जागा लाल पेनाने मांडा. हल्ल्याची वेळ लिहायला विसरू नका. तारखेपेक्षा वेळ जास्त सांगते. हिवाळ्यात व्यालेली अस्वली या दिवसांत पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते, त्यामुळे जिथे तिचा माग दिसला ती कपार वेगळ्या रंगात दाखवा.

जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढून मोबाइलवर पाठवणारे सहा ते आठ कॅमेरे साधारण लहान गावाला पुरतात. जंगलाच्या जमिनीवर बसवायचे तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या आणि बीटच्या वनरक्षकाला सोबत ठेवा. कॅमेरे सगळ्या झाडांवर विखरू नका. दाट झुडपातून मोहाकडे येणारी वाट जिथे अरुंद होते, तिथे लावा. जमिनीपासून ४० ते ५० सेंटिमीटर उंची, वाटेपासून ३ ते ५ मीटर अंतर, तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे आणि वाटेला काटकोनात न ठेवता तिरपं, म्हणजे जनावर चौकटीत जास्त वेळ राहतं. समोरचं ३ मीटरपर्यंतचं गवत कापा. वाऱ्याने हलणारं तापलं गवत रात्रभर खोटे फोटो पाठवतं आणि बॅटरी संपवतं. पेटी लोखंडी हवी, कारण अस्वल नवी वस्तू चावून पाहतं. मुंग्या आत घर करतात, म्हणून केबलचं भोक सिलिकॉनने बुजवा.

सगळ्यात जास्त फसगत उन्हाळ्यात सेन्सरची होते. हा सेन्सर जनावर आणि मागची जमीन यांच्या तापमानातला फरक ओळखतो. चाळीस-बेचाळीस अंशांच्या दिवसानंतर खडक आणि काळी माती रात्री आठ-नऊपर्यंत तापलेली असते, तेव्हा समोरून गेलेलं अस्वलही टिपलं जाईलच असं नाही. पहाटे जमीन निवते आणि कॅमेरा पुन्हा भरवशाचा होतो. म्हणून संध्याकाळी फोटो आला नाही याचा अर्थ वाट मोकळी आहे, असा कोणीही काढू नये. हे वाक्य गावाला ग्रामसभेत मोठ्याने सांगा.

नेटवर्क डोक्यावर फोन धरून तपासू नका; कॅमेरा जिथे बसणार त्या गुडघ्याच्या उंचीवर फोन ठेवून एक फोटो पाठवून पाहा. दोन कंपन्यांची सिम घेऊन जा. अजिबात नेटवर्क नसेल तर कॅमेऱ्यातच फोटो ओळखून फक्त ‘अस्वल, झाड १४’ एवढा छोटा संदेश लोरा रेडिओवरून, म्हणजे थोड्या विजेवर लांबपर्यंत छोटे संदेश नेणाऱ्या बिनतारी यंत्रावरून, पाठवता येतो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला त्यासाठी परवाना लागत नाही. त्यावर फोटो जात नाही, आणि टेकडी आडवी आली की संदेशही अडतो. घेणारं यंत्र गावच्या पाण्याच्या टाकीवर बसवा. फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्याला छोटं सौर पॅनेल जोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहाची पानं गळालेली असतात, तेव्हा ऊन भरपूर मिळतं. पुढे नवी पालवी फुटली की सावली येते, म्हणून पॅनेलची केबल दोन-तीन मीटर जास्त ठेवा.

फोटोतलं जनावर ओळखणारी प्रणाली वापरताना तिला काय येतं ते नीट समजून घ्या. मेगाडिटेक्टर हे मोफत मिळणारं मॉडेल रिकामे फोटो बाजूला काढतं, पण ते ‘प्राणी’, ‘माणूस’, ‘वाहन’ एवढंच सांगतं. पुढे अस्वल आहे की रानडुक्कर, हे ठरवायला दुसरं मॉडेल किंवा माणूस लागतो. रात्रीच्या करड्या फोटोत पाठमोरं रानडुक्कर, काळा कुत्रा आणि म्हशीचं वगारू तिघंही फसवतात. आपल्याच कॅमेऱ्यांचे दोनशे फोटो हाताने तपासा आणि दोन आकडे वेगळे लिहा: अस्वल नसताना किती वेळा ‘अस्वल’ म्हटलं, आणि अस्वल असताना किती वेळा सुटलं. दुसरा आकडा जिवावर बेततो. पहिला वाढला तर लोकांचा विश्वास उडतो आणि आठवड्याभरात इशारा कोणी ऐकत नाही. यावर उपाय म्हणजे पहाटे ३ ते ७ या वेळेत गावातली दोन मुलं-मुली पाळीने फोटो पाहतील आणि त्यांनी होकार दिल्यावरच इशारा जाईल. त्यांना मानधन द्या. फुकटची जागल दहा दिवस टिकते, मोहाचा हंगाम महिन्याहून लांब असतो.

कॅमेऱ्यात माणसंही येतात. बायका ज्या बाजूला शौचाला, अंघोळीला जातात तिकडे कॅमेरा लावूच नका. माणसाचा फोटो आपोआप पुसला जाईल आणि सरपण तोडताना दिसलेल्या कोणावर त्या फोटोवरून कारवाई होणार नाही, हे वनखात्याकडून लेखी घेऊन ग्रामसभेत वाचून दाखवा. ही गोष्ट टाळली तर कॅमेरे चोरीला जातात किंवा फुटतात, आणि त्यात लोकांची चूक म्हणता येणार नाही.

आता इशारा. तो एकट्या व्हॉट्सॲपवर सोडू नका. पहाटे चार वाजता घरातला एकुलता फोन चार्जिंगला असतो किंवा मुलाच्या उशाखाली. तमिळनाडूत वालपराईला हत्तींसाठी मोबाइलवरून पेटणारे लाल दिवे लावले आहेत, तेच इथे करा. गावातून जंगलाकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी खांबावर १० वॅटचा लाल दिवा, सिम असलेला स्विच, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि २० वॅटचं पॅनेल. हिशेबाने हा दिवा आठ तास चालतो, पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून चारच तास धरा. ठरवून दिलेल्या चार-पाच नंबरांनीच दिवा पेटला पाहिजे. या सिमचा रिचार्ज संपला की दिवा पेटतच नाही आणि कोणाला कळतही नाही. संपायची तारीख खांबावर रंगाने लिहा.

दिव्याबरोबर भोंगा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सार्वजनिक आणीबाणीला त्यातून सूट असली तरी पोलीस पाटील आणि ठाण्याला लेखी कळवून ठेवा. घोषणा मराठीत आणि गोंडी किंवा माडियात, ओळखीच्या आवाजात आधीच ध्वनिमुद्रित करा: “नाल्याकडच्या वाटेवर अस्वल आहे. बारा ते वीस नंबरच्या झाडांकडे उजाडेपर्यंत जाऊ नका. बघायला जाऊ नका.” नुसतं ‘सावध राहा’ म्हटल्याने कोणी काय करायचं ते कळत नाही. शेवटचं वाक्य गाळू नका. टॉर्च घेऊन जमलेली गर्दी अस्वलाची पळायची वाट अडवते आणि मग कोणीतरी रक्तबंबाळ होतं.

मोहाखाली जमिनीपासून मीटरभर उंच जाळी बांधली की फुलं मातीत पडत नाहीत, वेचायला अंधारात जायचं कारण उरत नाही आणि फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळावा लागत नाही, म्हणजे वणवाही टळतो. सगळ्या यादीत खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा फायदा याचाच आहे. जाळी सूर्य वर आल्यावर, सात-साडेसातला रिकामी करा. जाताना दोघी-तिघी, हातात घुंगरू बांधलेली काठी, मोठ्याने बोलत. कानात इअरफोन नको. अस्वल वारुळातून वाळवी ओढताना स्वतःच इतका आवाज करतं की जवळची पावलं त्याला ऐकू येत नाहीत, आणि दिवसा झुडपात ते गाढ झोपतं. आवाज लांबूनच सुरू झाला पाहिजे.

मका-भुईमुगाच्या शेताला सौर कुंपण करायचं तर प्रमाणित एनर्जायझरच (तारांत विजेचे झटके सोडणारं यंत्र) घ्या, पाच तारा ओढा, सर्वांत खालची २० सेंटिमीटरवर. अस्वलाचे लांब केस वीज अंगापर्यंत पोहोचू देत नाहीत, झटका नाकालाच बसायला हवा. कोरड्या उन्हाळी मातीत अर्थिंग काम करत नाही, म्हणून तारा एक आड एक चालू आणि अर्थ अशा जोडा; मीटरभराहून लांब तीन सळ्या तीन-तीन मीटरवर ठोका आणि त्या जागी रोज पाणी घाला. टेस्टरवर ६,००० व्होल्ट दिसले पाहिजेत. खांबावरून थेट वीज कुंपणात सोडणं गुन्हा आहे, आणि त्याने माणसं मरतात.

गावात मोहफुलं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. मंदिरातला नारळ, तेल, प्रसाद संध्याकाळी उचला. छत्तीसगडात महासमुंदजवळच्या चंडी मंदिरात अस्वलं प्रसादासाठी येतात आणि लोक कौतुकाने खाऊ घालतात. माणसाजवळ खाणं मिळतं हे शिकलेलं अस्वल पुढे दिवा-भोंग्याला जुमानत नाही.

जखमेची तयारी कागदावर लिहून दिव्याच्या खांबालाच लावा: रुग्णवाहिका १०८, वनविभाग १९२६, आणि रेबीजची लस व इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही ठेवणारं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं. हे फेब्रुवारीतच विचारून ठेवा, साठा बदलत असतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने आधी दाबून धरा. ते आटोक्यात असेल तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, माती, तंबाखू काही भरू नका. सुटलेली कातडी कापू नका, ओल्या स्वच्छ कापडाने झाका. ती पुन्हा शिवता येते. भरपाईसाठी पंचनामा लागतो, म्हणून वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा.

१ मार्चला, फुलं पडायच्या आधी, रंगीत तालीम घ्या. एकाने पहाटे चारला काळी घोंगडी पांघरून, हाता-पायांवर कॅमेऱ्यासमोरून जायचं, दुसऱ्याने गावात घड्याळ धरायचं. हे अस्वल म्हणून ओळखलं जाणार नाहीच, तेव्हा पाळीवरच्या मुलीने फोटो हाताने मंजूर करायचा. फोटो टिपल्यापासून दिवा पेटेपर्यंत पाच मिनिटांहून जास्त लागले तर वेळ कुठे गेला ते शोधा; बहुतेकदा नेटवर्कमध्ये किंवा झोपलेल्या पाळीत. मोह संपला की कॅमेरे काढून ठेवू नका. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला लोक त्याच रायमुनियाच्या झुडपांत शिरतात, तेव्हा कॅमेरे मोहाच्या वाटांवरून उचलून तेंदूच्या वाटांवर न्या आणि भिंतीवरचा नकाशा बदला.