टीव्हीवर आकार शिकवताना: चौरस कलला तरी चौरसच

पहिली-दुसरीच्या वर्गात टीव्ही किंवा प्रोजेक्टर आकारांसाठी लावायचा तर तो एकाच कामाला: आकार फिरवून आणि ताणून दाखवायला. फळ्यावरचा त्रिकोण जागचा हलत नाही, पडद्यावरचा हलतो. डोळे मिचकावणारे, नाचणारे त्रिकोण आणि त्यांची गाणी खुशाल वगळा. गाणं संपल्यावर त्रिकोण दाखवायला सांगितला की मुलं टाळ्या वाजवतात.

आधी पडदा मोजा. पॉवरपॉइंटमध्ये शिफ्टची कळ दाबून चौरस काढा, पडद्यावर लावा आणि त्याची आडवी आणि उभी बाजू टेपने मोजा. सारख्या नसतील तर टीव्हीची पिक्चर साइझ बदला, नाहीतर वर्तुळाचं अंडं होतं. प्रोजेक्टर तिरका ठेवला असेल तर चौरस बादलीसारखा दिसतो, वर रुंद आणि खाली अरुंद. प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ ठेवला की हे बहुतेक मिटतं.

आता चित्रं. चौरस, आयत, त्रिकोण, वर्तुळ, प्रत्येकाला वेगळी स्लाइड, सपाट रंग, मागे काही नाही. त्रिकोण निवडल्यावर दिसणारा पिवळा ठिपका ओढला की टोक बाजूला सरकतं. असे चार-पाच वेगळे त्रिकोण करा, त्यात एक लांबुडका आणि एक टोक खाली असलेला हवाच. शिवाय त्रिकोण नसलेलेही दाखवा: एक बाजू वाकडी असलेला, एक कोपरा उघडा राहिलेला. नुसती बरोबर उदाहरणं पाहून मूल एक चित्र पाठ करतं, नियम नाही.

खरी अडचण पुढे आहे. चौरस कोपऱ्यावर उभा केला की निम्मा वर्ग म्हणतो, 'शंकरपाळी!' किंवा 'पतंग!' पुस्तकात चौरस बहुतेकदा आडव्या बाजूवर बसलेला असतो, त्यामुळे 'असा बसलेला तो चौरस' हेच डोक्यात घट्ट होतं. यावर 'चूक, हा चौरसच' असं सांगणं सगळ्यात वाईट. मुलं मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शंकरपाळी म्हणतात.

म्हणून उभा केलेला चौरस आधी दाखवूच नका. आडव्यापासून सुरुवात करा. ॲनिमेशन्समध्ये 'स्पिन' निवडा, पाव फेरी ठेवा, वेळ १२ सेकंद द्या. मग फाइल एमपी४ व्हिडिओ म्हणून साठवून पेनड्राइव्हवर घ्या. स्लाइड शोमधलं ॲनिमेशन नेमक्या क्षणी थांबवता येत नाही, व्हिडिओ मात्र रिमोटने हवा तिथे थांबतो. सगळी मदार त्या थांबण्यावर आहे. दुसऱ्या सेकंदाला थांबवा: 'आता काय?' चौथ्याला पुन्हा तेच. कुठेतरी एखादं मूल नाव बदलतं. तिथेच थांबा, मागे जा आणि विचारा, 'बाजू लहान झाली का? कोपरा दबला का?' उत्तर मुलांकडून येऊ द्या. मग सगळ्यांना मान वाकडी करून बघायला सांगा. हसाहशी होते, पण तिरकं काय झालं हे तिथे कळतं.

फिरताना रंग बदलू नका आणि आकार मोठा-लहान करू नका. रंग बदलला की लहान मुलाला वस्तूच बदलल्यासारखी वाटू शकते. वर्तुळ शेवटी फिरवा. 'हे फिरतच नाही!' असा ओरडा होतो. मग कडेला एक ठिपका देऊन तेच पुन्हा फिरवा.

खरी शंकरपाळी चार-पाच दिवसांनी आणा. तिच्या बाजू सारख्या असतात, पण दोन कोपरे चिमटलेले. कोणत्याही कागदाची एक घडी घाला, मग त्या घडीची कड स्वतःवरच जुळवून दुसरी घाला, की चौरसाला असतो तसा पक्का कोपरा मिळतो. तो लावून मुलांना कोपरे तपासू द्या. टीव्हीच्या काचेवर दाबू नका, पुठ्ठ्याच्या आकारांवर लावा. 'काटकोन' हा शब्द इतक्यात नको.

नावांचा गोंधळ आपल्याकडे जास्त. बोलताना आपण चौरसालाच चौकोन म्हणतो; पण आयतही चौकोनच, हे पुढे शिकवताना ती सवय आडवी येते, म्हणून आतापासून चौरसच म्हणा. आयत म्हणजे 'दोन बाजू लांब, दोन आखूड' असंही शिकवू नका, ते नंतर खोडावं लागतं. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि चारही कोपरे पक्के, एवढं पुरे. चेंडूला वर्तुळ म्हणू नका, बांगडी चालते. बेळगावसारख्या सीमाभागातल्या मराठी शाळेत कानडीच्या तासाला तेच मूल चौरसाला 'चौक', वर्तुळाला 'वृत्त' आणि त्रिकोणाला 'त्रिभुज' ऐकतं. बेळगावच्या पोराला तर चौक म्हणजे संभाजी चौक आणि सर्कल म्हणजे चन्नम्मा सर्कल, दोन्ही रस्त्यांचेच! त्याला हसू नका. एकाच स्लाइडवर दोन्ही नावं द्या आणि आकारावर बोट ठेवून म्हणवून घ्या.

टीव्ही पंधरा मिनिटं, बाकी तास हातांनी. जुन्या लग्नपत्रिका कापून तीसेक आकार करा. वीज गेली तरी तास अडत नाही. ते जमिनीवर उधळा, कसेही पडू देत, आणि मुलांना वेगळे करायला लावा. तिरका पडलेला चौरस कुणी शंकरपाळीच्या ढिगात टाकला तर टीव्ही लावू नका. तोच तुकडा त्याच्या हातात द्या आणि जमिनीवर हळूहळू फिरवू द्या.