हनोईला पहिल्यांदा निघताय? आधी वार बघा

पासपोर्ट, तिकिटं, विमा, औषधं हे तुम्ही कराल, त्यावर शब्द घालवत नाही. कॅलेंडर काढा आणि हनोईतली कुठली सकाळ मोकळी आहे ते बघा. व्हिएतनामचा नेता हो चि मिन्ह याची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते. बाकीच्या दिवशीही सकाळचीच उघडी. साडेदहा-अकराला आत सोडणं थांबतं. दुपारी जेवून निवांत जाऊ म्हणालात, तर बा दिन्ह चौकात उन्हात उभं राहून करड्या ग्रॅनाइटच्या इमारतीचा फोटो काढाल आणि परत याल, आमच्यासारखे. त्यात अलीकडे जून ते ऑगस्टच्या मध्ये देखभालीसाठी ती काही आठवडे बंदच ठेवतात. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना याची झळ नाही. पावसाळ्यात तिकीट स्वस्त मिळालं म्हणून उठणाऱ्यांनी मात्र त्या वर्षीच्या तारखा बघूनच बुकिंग करावं.

टूर कंपनीबरोबर जात असाल तरी हे तुम्हीच विचारायचं. कार्यक्रमात नुसतं ‘हनोई सिटी टूर’ लिहिलेलं असतं. कुठल्या वारी, किती वाजता, आत नेणार की बाहेरून दाखवणार, असं सरळ विचारा. ‘पॅनोरमिक’ हा शब्द आला की समजा, बसच्या काचेतून. ‘हा लाँग’ उपसागराची सहल शहरापासून दोन-अडीच तासांवर आहे आणि तिथून परतेपर्यंत समाधीची वेळ टळून गेलेली असते. म्हणून ती सोमवारी किंवा शुक्रवारी टाका आणि चांगला वार हनोईसाठी राखा.

व्हिसा घरबसल्या मिळतो. एकदा प्रवेशाच्या ई-व्हिसाला 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाच्या व्हिसाला 50. सरकारी संकेतस्थळावरूनच भरा. त्याच्यासारखीच दिसणारी दलालांची संकेतस्थळं वरचे पैसे उकळतात. आणि नाव! आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते फॉर्ममध्ये गाळू नका. पासपोर्टात आहे तसंच, त्याच क्रमाने. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, कारण ते फक्त कामाचे दिवस मोजतात. जानेवारी-फेब्रुवारीत तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष येतं, तेव्हा अर्धं शहर गावी गेलेलं असतं आणि दुकानं बंद. तेव्हा न गेलेलं बरं.

कपडे. आग्नेय आशिया म्हणजे उकाडा, हे बँकॉकला जाऊन आलेल्यांचं मत घेऊन डिसेंबर-जानेवारीत हनोईला उतरू नका. पारा 15 अंशांच्या खाली येतो, झिमझिम चालू असते, सूर्य दिसत नाही. स्वेटर घ्या. समाधीत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे एक पूर्ण पँट आणि बाह्यांचा शर्ट बॅगेत वरच ठेवा. आत फोटो नाही, बोलायचं नाही, टोपी नाही, खिशात हात नाहीत. रांग थांबत नाही. काचेच्या पेटीत जतन केलेल्या हो चि मिन्हच्या देहाभोवती फिरून तुम्ही काही मिनिटांत बाहेर. खुद्द त्याची इच्छा दहन व्हावं अशी होती, ती कोणी ऐकली नाही. दर्शनी भागावर ‘अध्यक्ष हो चि मिन्ह’ या अर्थाची अक्षरं आहेत, बाकी काही नाही. समाधीवर त्याने स्वतःला ‘शिवाजी महाराजांचा मावळा’ म्हणवून घेतलंय असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते खोटं आहे; तो मजकूर तिथे शोधू नका आणि गाइडला तर विचारूच नका. त्याच आवारात एका खांबावरचं छोटं देऊळ आहे. मूळ 1049 चं. 1954 मध्ये फ्रेंचांनी जाताना उडवलं आणि नंतर पुन्हा बांधलं. हे सगळं सकाळीच उरकतं. सकाळीच.

पैसे. 20 हजार डाँगची नोट निळी आणि 5 लाखांचीही निळसरच. संध्याकाळच्या अंधारात, मागे माणसं खोळंबलेली असताना, पंचवीसपट पैसे हातातून जातात आणि तुम्हाला हॉटेलवर गेल्यावर कळतं. दोन्ही नोटा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा आणि देताना शून्यं मोजा. लाजू नका.

हिरवी 1 लाखाची नोट मात्र जपून बघा. तिच्यावर आहे ते वान मिएउ, 1070 सालचं, चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशसचं मंदिर. तिथे दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिलालेख उभे आहेत आणि त्यांवर राजाच्या परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं. परीक्षेआधी मुलं कासवांची डोकी चोळायची, म्हणून आता कठडे घातलेत. गुणवत्ता यादी दगडात कोरणारे लोक आपल्याला परके वाटत नाहीत. इथे तास-दीड तास द्या. हे रोज उघडं असतं, म्हणून समाधीच्या जागी हे आधी उरकू नका. चांगला वार वाया जाईल.

होआन किएम तळं कधीही. लाल पुलावरून न्गोक सोन देवळात जा, तिथे तळ्यातलं अवाढव्य कासव काचेत जतन केलंय. तळ्यातलं शेवटचं 2016 मध्ये मेलं. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात, तेव्हा हॉटेल तिथलं असेल तर सामान ओढत चालायची तयारी ठेवा. होआ लो तुरुंग बघा, पण लहान मुलांना घेऊन नको, तिथे गिलोटिन, म्हणजे मुंडकं उडवायचं यंत्र आहे. पाण्यावरच्या बाहुल्यांच्या खेळाचं तिकीट आधी काढा. एथ्नॉलॉजी, म्हणजे तिथल्या जमातींच्या लोकजीवनाचं संग्रहालयही सोमवारी बंद! म्हणजे सोमवार दोनदा नडतो.

शाकाहारी असाल तर मासळीचा सॉस सगळ्यात असतो; ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, सॉसचं वेगळं सांगा. तिथली प्रसिद्ध कॉफी अंड्याची. रस्ता ओलांडताना एका गतीने चालत राहा, मध्येच मागे फिरू नका. पुणेकरांना शिकवायला नको. चपला नकोत, बूट. फुटपाथ गाड्यांनी भरलेत. घड्याळ दीड तास पुढे. तीन पिनांचा चार्जर बसत नाही. विमानतळावरून 86 नंबरची बस तळ्यापाशी सोडते, रात्री उशिरा उतरलात तर ग्रॅब, म्हणजे ॲपवरून बोलवायची टॅक्सी.