समोरच्या गाडीचा विमाच नव्हता, तरी भरपाई मिळाली: माझा अनुभव

इंदूरला पलासियाजवळ एका लोडिंग रिक्षाने माझ्या स्कूटरला ठोकलं. मनगटाचं हाड मोडलं. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला, तर रिक्षाचा विमा कधीच संपलेला.

मालक "भाऊ, बसून मिटवू" म्हणत राहिला. तीन आठवडे वाया. माझ्या विम्यातून स्कूटर दुरुस्त झाली, हात नाही: वैयक्तिक अपघात कवच मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच लागू होतं. चिडचिड झालीच.

मग वकीलकाकांनी विचारलं, "रिक्षा अजून पोलीस ठाण्यात आहे ना?" सगळी किल्ली तिथेच होती. मालकाने सुपुर्दगीसाठी, म्हणजे जप्त गाडी परत ताब्यात मिळावी म्हणून, अर्ज केला होता. आम्ही त्याच दिवशी न्यायालयात हरकत घेतली: विमा नसलेली, अपघातातली गाडी मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडू नये. सोबत ॲपवरची विम्याची नोंद आणि एफआयआरची प्रत. रिक्षा बंद म्हणजे त्याचा धंदा बंद. त्याने मुकाट्याने बँकेतली ठेव हमी म्हणून दिली.

त्यानंतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा. प्रतिवादी दोघंही, चालक आणि मालक. मुदत अपघातापासून 6 महिने, म्हणून "मिटवू" ऐकत बसू नका. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची मूळ बिलं (माझी दोन धुलाईत गेली!), बुडालेल्या पगाराचा दाखला जोडला. दावा राहत्या गावीही लावता येतो.

निकालानंतर पैसे त्याच ठेवीतून आले. ठेव नसती, तर कलम 174 खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली मागावी लागली असती.