जुन्या फोर्ड एन ट्रॅक्टरचे पॉइंट टेबलावरच लावा

फोर्ड 9एन, 2एन आणि 1950 च्या मध्यापर्यंतच्या 8एनचा डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग) इंजिनाच्या पुढे, पंख्यामागे असतो. तिथे हात घालून त्यातले सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) नीट लागत नाहीत. कॉइल आणि कॅप काढली की दोनच बोल्ट उरतात. अख्खा डिस्ट्रिब्यूटर बाहेर घ्या.

1. शाफ्ट बाजूला हलवून पाहा. ढिला लागला तर आधी बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) बदला, नाहीतर पुढची मेहनत फुकट.
2. पॉइंट पूर्ण उघडे असताना गॅप 0.015 इंच. कॅमच्या चारही उंचवट्यांवर मोजा. फरक आला तर बुश किंवा शाफ्ट झिजलाय.
3. फीलर गेजचं (गॅप मोजायच्या पातळ पट्टीचं) तेल पॉइंटवर राहतं. कोऱ्या पुठ्ठ्याची पट्टी मधून ओढा.
4. आता मल्टिमीटर, बीपच्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर. कॉइल टेकते त्या जागेपासून बॉडीपर्यंत, पॉइंट उघडे असताना बीप वाजता कामा नये. मिटल्यावर वाजलाच पाहिजे. उघडे असताना वाजला तर तांब्याची पट्टी बॉडीला टेकतेय किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. सगळं नवं टाकूनही स्पार्क न येण्याचं हे नेहमीचं कारण.

बसवताना जपा: शाफ्टची जीभ मध्यापासून सरकलेली असते, एकाच बाजूने बसते. रोटर फिरवत हातानेच पूर्ण टेकवा. बोल्ट आवळून ओढलंत तर बॉडीचा कान तुटतो.