सांगलीच्या घाटावरचा जुना फोटो कसा वाचावा

समजा, सांगलीत कृष्णेच्या घाटावर पत्ते खेळायला बसलेल्या मंडळींचा जुना फोटो हाती आलाय. आधी त्याची पाठ बघा. स्टुडिओचा शिक्का, गाव, पेन्सिलीतला आकडा, सगळं उतरवून घ्या. पुठ्ठ्यावरून फोटो सोडवू नका. कागद पातळ, फाटतोच. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा.

मग भिंग घ्या. कागदाचे तंतू दिसतात आणि उजळ भाग पिवळट पडलाय, तर बहुधा १९०० आधीचा अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा. तंतू लपलेत, तिरक्या उजेडात काळ्या भागावर चंदेरी झाक येते, तर जिलेटिनच्या थराचा, म्हणजे साधारण १८९० नंतरचा.

मागे कृष्णेवरचा आयर्विन पूल पुरा बांधलेला दिसला, तर फोटो १९२९च्या सुमाराचा किंवा नंतरचा. दिसला नाही म्हणून लगेच जुना ठरवू नका; कॅमेऱ्याचं तोंड दुसरीकडे असेल.

खरी मेख माणसांत आहे. कृष्णेचं पाणी दुधासारखं गुळगुळीत आणि कडेचं पोर पुसट आलंय, पण पत्ते धरलेले हात स्पष्ट आहेत? मग उजेड आत घ्यायला लेन्सची टोपी बहुधा सेकंदभर तरी काढलेली होती. म्हणजे पत्त्यांचा डाव चालू नव्हता, हात रोखून धरले होते. पानं कॅमेऱ्याकडे वळवलीत का, तेही बघा. गादीवर कोण, अनवाणी कोण, तांब्या घेऊन मागे उभा कोण, हे नोंदवाच; तांब्यावाला बहुधा तिथे कामावर होता. कपड्यांवरून साल काढताना जपून: ठेवणीतलं पागोटं वर्षानुवर्षं वापरलं जायचं.